सिरक्याची चाळीस उन्हं

या वर्षी नांदेडच्या बाजारात जांभळं आली आणि पाऊस मात्र आला नाही. हातगाड्यांवर निळ्याकाळ्या फळांचे ढीग, त्यांवर भुरभुरलेलं मीठ, आणि माथ्यावर डोळे दुखतील असं स्वच्छ, रिकामं आभाळ. मी दोन किलो जांभळं घेऊन घरी आले. सून ती चाळणीत ओतून नळाखाली धरणार, तेवढ्यात माझा हात आपोआप पुढं गेला.

"पाणी लावू नको."

"न धुता खाणार, आई?"

"खाणार नाही. सिरका घालणार."

सिरका म्हणजे काय ते तिला कळेना. मग फडताळातली तिचीच सफरचंदाच्या व्हिनेगरची बाटली काढून दाखवली. म्हटलं, हेच, फक्त जांभळाचं आणि घरचं. तिनं बाटलीकडं पाहिलं, जांभळांकडं पाहिलं, आणि चाळणी माझ्या हातात देऊन ती कामाला निघून गेली. घर शांत झालं. मी एकेक जांभूळ कोरड्या फडक्यानं पुसत बसले. बोटं निळी होत गेली. दुपार कुठून तरी दुसऱ्याच गावातून आल्यासारखी खिडकीत येऊन उभी राहिली.

बरणी भरून गॅलरीत उन्हाला ठेवली, तोंडावर मलमलीचा दादरा बांधला. हे पेपर वाचत बसले होते. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय मला अजूनही नाही. त्यांनी चष्म्यावरून बरणीकडं पाहिलं आणि म्हणाले, "आज पहिलं ऊन का?"

"हो. पहिलं."

 पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा लातूर नुकता जिल्हा झाला होता. गावभर नव्या पाट्यांच्या रंगाचा वास होता. कालपर्यंत ज्या इमारतीत धान्य ठेवायचे, तिथं आज टेबलं लागलेली. ज्याला त्याला कुठलं ऑफिस कुठं गेलं ते विचारावं लागायचं. यांची नांदेडहून तिथल्या एका नव्या कार्यालयात टंकलेखक म्हणून बदली झाली. लग्नाला तीन महिने झाले होते. मी हदगावजवळच्या खेड्यातली, पंचशीला नावाची, बारावीपर्यंत शिकलेली पोर. लातूरला खोली शोधताना आम्ही आडनाव सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं की खोली कालच कुणाला तरी दिली. असं पाच-सहा ठिकाणी झालं. शेवटी एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची खोली मिळाली. तिच्या मागं कमरेइतकी दगडी भिंत होती, आणि भिंतीपलीकडं खैरूनबींचं अंगण. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची. मीही म्हणू लागले.

लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं. टँकर एक दिवसाआड यायचा. घमेल्यात उभं राहून अंघोळ करायची, तेच पाणी भांड्यांना वापरायचं आणि उरलेलं दारातल्या धुळीवर शिंपडायचं. कपडे असे कडक वाळायचे की घडी घालताना आवाज व्हायचा. मला स्वप्नात पैनगंगा दिसायची. स्वप्नातही ती आटलेलीच असायची. पण वाळूत खड्डा केला की पाणी लागायचं, आणि ते हातात घेताना जाग यायची. ओठ कोरडे असायचे आणि पत्र्यावर ऊन चढलेलं असायचं.

त्या राखेच्या रंगाच्या गावात खालाच्या अंगणातलं जांभळीचं झाड तेवढं हिरवं होतं. गच्च, काळपट हिरवं. त्याच्याकडं पाहिलं की डोळ्यांना गार वाटायचं. खाला म्हणायच्या, ज्या वर्षी पाऊस रुसतो त्या वर्षी हे झाड येड्यागत फळतं. खरंच ते तसं फळलं होतं. फांद्या लोंबून भिंतीच्या अलीकडं आमच्या दारात आल्या होत्या.

आमची ओळख झाली ती माझ्या बोलण्यामुळं. एकदा त्यांनी भिंतीवरून विचारलं, "काय करतीस गं पोरी?" मी म्हटलं, "जेवून राहिले." त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला धरावं लागलं. "जेवून कुटं ऱ्हायलीस? हितंच ऱ्हायलीस न्हवं?" आमच्याकडं सगळे असंच बोलतात, हे सांगताना मला रडू यायला लागलं. लग्नानंतर मी कुणाशी इतकं बोललेच नव्हते. खाला हसायच्या थांबल्या. पदरातून चार जांभळं काढून त्यांनी भिंतीवर ठेवली आणि नाव विचारलं. पंचशीला हे नाव त्यांच्या जिभेला जड गेलं. त्या मला शीला म्हणू लागल्या.

उंच, काटक बाई. कानात चांदीच्या बाळ्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि दुसऱ्यात उतरत चाललेला. त्यांचा नवरा आठवडी बाजार करून अत्तर, सुरमा आणि सिरका विकायचा. तो गेल्यावर अत्तर आणि सुरमा बंद झाला. सिरका तेवढा खालांनी ठेवला, कारण तो पहिल्यापासून त्याच घालायच्या. उन्हाळ्यात कुणाच्या पोटात कळ आली, कुणाला जेवण जाईना, की माणसं लहानशी बाटली घेऊन त्यांच्या दारी यायची. दर वर्षी जांभळं पिकली की चार बरण्या भरायच्या, हा त्यांचा नेम होता. एकुलती एक मुलगी राबिया उदगीरला दिली होती. ती आईला कायमची तिकडं बोलवायची. खाला जायच्या नाहीत. म्हणायच्या, हितं झाड हाय.

जांभूळ जमिनीवर पडून फुटलेलं चालत नाही. त्याला माती लागते, पाझर सुटतो. फांद्या हलवून खाली धरलेल्या लुगड्यात झेलावी लागतात. झाडावर चढायला त्या वर्षी कुणी मिळेना. गल्लीतले सगळे टँकरच्या मागं. मी म्हटलं, "खाला, मी चढू का?"

"तू? नवी नवरी हायीस तू."

"हदगावला मी चिंचेवर चढत होते."

पदर खोचला, साडीचा काचा मारला आणि चढले. लग्नानंतरच्या सात-आठ महिन्यांत अंगाला असं मोकळं वाटलं नव्हतं. वर सावली गार होती, पानांना चिकाचा वास होता, पोपटांनी अर्धी फळं टोचून ठेवली होती. जांभळीची फांदी दिसते जाड आणि मोडते कटकन. त्यामुळं खाला खालून, अर्ध्या दृष्टीनं, मला वाट दाखवत होत्या. "त्या डाव्या फांदीवर नगं. ती दरसाल कुरकुरती. बुंद्याला धरून ऱ्हा." मी फांदी हलवली की पावसासारखा आवाज करत फळं लुगड्यात पडायची. त्या आवाजानं आम्ही दोघीही क्षणभर थांबायचो. पावसाचा आवाज कसा असतो ते विसरायला झालं होतं.

तेवढ्यात हे जेवायला घरी आले. भिंतीपलीकडं उभे राहून त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, रागावतील किंवा हसतील. ते झाडाकडंच पाहत राहिले. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, पुन्हा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. मग आत गेले.

संध्याकाळी भाकरी वाढताना मी विचारलं, "माझं चुकलं का?"

"न्हाई." त्यांनी घास तसाच धरून ठेवला. "सकाळी मीच यादी टाइप केली. नवा रस्ता या अंगानं जाऊन राहिला. गल्लीच्या त्या बाजूची घरं जातात, आपली बाजू राहते. झाडांची यादी वेगळी असते. जांभूळ, एक, घेर सात फूट. आत्ता पाहिलं, ते हेच."

मी भाकरी थापायची थांबले. ते म्हणाले, "कुठं बोलू नको. कागद अजून सहीला गेला न्हाई. आपल्या तोंडून बाहेर गेलं तर पहिल्यांदा माझ्यावर येईल." नोकरी त्यांच्या घरातली पहिली होती. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी खालाच्या अंगणात जांभळं चिरडायला बसले, ती हे पोटात ठेवून. हात राखेनं घासून, वाळवून, कोरडे करून. पाण्याचा थेंब बरणीत गेला की सगळं नासतं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मला ते विचित्र वाटत होतं. साऱ्या गावाला पाणी हवं होतं, आणि या एका कामाला ते नको होतं. जांभळं मुठीत दाबली की थंड, दाट रस मनगटापर्यंत ओघळायचा. धातूचं भांडं लावायचं नाही. सगळं लाकडाच्या डावानं. मीठ चिमूटभर. मग त्यांनी आतून एक हिरवट बाटली आणली. तिच्यात मागल्या वर्षीचा सिरका होता. दुधाला विरजण लावतात तसा एकेका बरणीत त्यातला वाटीभर ओतला.

"आता चाळीस उन्हं द्यायची," त्या म्हणाल्या. "ढगाळ दिवस धरायचा न्हाई. मोजायचं तू. मला आता ऊन आन् सावली कळंना झाल्यात."

त्यांनी माझ्या हातात कोळसा दिला आणि ओसरीची भिंत दाखवली. मी पहिली रेघ ओढली. चाळीस रेघांइतकी जागा मनात मोजून पाहिली, आणि त्यांच्याकडं न बघता घरी आले.

बरणीतलं जग बाहेरून दिसत नाही, पण ऐकू येतं आणि वासानं कळतं. दोन दिवस नुसता जांभळाचा गोड वास. तिसऱ्या दिवसापासून दादऱ्याखाली बुडबुडे, कुणी हळू आवाजात बोलत असल्यासारखे. कान लावला की वेळ कसा जायचा कळायचं नाही. मग आठवडाभर ताडीसारखा वास. तेव्हा गल्लीतल्या एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमी दोगी मिळून काय गाळताव काय?" खालांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिला म्हनावं, ये चाखायला, तोंड वाकडं झालं तर मला सांगू नगं." मग हळूहळू तो वास कडक होत जातो, नाकात चढतो. वर एक पातळ साय धरते. ती हलवायची नाही. खाला रोज सकाळी चारी बरण्यांवर वाकून श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, ही पुढं गेली, ही मागं हाय, ही आज झोपलीय. मला सगळ्या बरण्यांचा वास सारखाच यायचा. महिन्याभरात त्यातला फरक कळायला लागला. आता इतक्या वर्षांनी गॅलरीतल्या बरणीवर वाकते तेव्हा माझंही डोकं तसंच एका बाजूला कलतं. हे कधी लागलं मला, ते आठवत नाही.

अठरावी रेघ ओढली त्या दिवशी नोटीस आली. खालांना मराठी बोलता यायचं, वाचता नाही. त्या पाकीट घेऊन भिंतीपाशी आल्या. "शीला, वाच गं. राबियाचं हाय का बघ."

पाकीट सरकारी होतं. फोडायच्या आधीच माझे डोळे भरले. फोडलं आणि वाचलं. जागा मुदतीत रिकामी करावी, वगैरे. प्रत्येक शब्द मला पाठ असल्यासारखा होता. असं पत्र मी यांच्या टाइपरायटरच्या भाषेत मनात कितीदा वाचलं होतं.

खाला माझ्याकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांना माझा चेहरा किती दिसत होता कोण जाणे.

"तुला आदीच ठाव व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"कवापासून?"

"झाडावर चढले त्या दिवसापासून."

त्यांनी कागद घेतला, घडी केली आणि आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस भिंतीपलीकडून हाक आली नाही. मी दारात बसून झाडाकडं पाहत राहिले. हे ऑफिसातून आले की माझ्याकडं पाहायचे आणि पाणी स्वतः ओतून घ्यायचे. दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "मी जाऊन सांगतो त्यांना. तुला गप्प बसायला मीच सांगितलं." मी म्हटलं, नका. तोंड माझं होतं.

तिसऱ्या सकाळी भिंतीवरून आवाज आला. "शीला, दोन रेघा ऱ्हायल्यात."

मी गेले. कोळसा ओसरीवर ठेवलेला होता. दोन ओढल्या आणि त्या दिवसाची तिसरी. खाला म्हणाल्या, "दादरा बदल. चिलटं व्हऊ लागलीत." एवढंच. पुढं त्या विषयावर आम्ही बोललो नाही. मी दादरा बदलला, त्यांनी वास घेतला, आणि मला आतून भाकरीचा तुकडा आणून दिला.

मुदत होती, तरी मोडतोड लगेच सुरू होणार नव्हती. रस्त्याचा मुरूम दाबायला पाणी लागतं, आणि पाणी तर प्यायलाच नव्हतं. हे म्हणाले, "पाऊस पडला, विहिरींना पाणी आलं की काम सुरू. तोवर साहेबबी काही करू शकत न्हाई."

ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. तेव्हापासून माझं आभाळाकडं बघणं बदललं. सगळी गल्ली हात कपाळाशी नेऊन ढग शोधायची, आणि मी ढग नसला की हळूच श्वास सोडायची. अजून एकोणीस उन्हं. अजून अठरा. त्या दिवसांचा रंग मला अजून आठवतो. पांढरट, तापलेला, आणि माझ्यापुरता सुखाचा. ओसरीच्या भिंतीवर रेघा वाढत होत्या, बरण्यांच्या काचेसारख्या अंगावर ऊन चकाकत होतं, जांभळीत पोपट ओरडत होते. सगळं तसंच थांबून राहावं असं वाटायचं. पाऊस, धंदे, माणसं, सगळं दूर कुठं तरी वाट पाहत बसावं आणि आम्हाला चाळीस पुरी करू द्यावीत.

सत्ताविसाव्या दिवशी बाबांचं, माझ्या वडिलांचं, पत्र आलं. ते अक्षर जुळवत लिहायचे, एकेक ओळ पानभर. मी ते खालाच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं, कारण गावाकडचं पत्र एकटीनं वाचवत नव्हतं. चार एकरांत सरकी लावली होती, पावसाच्या भरवशावर, धुळीत. बी अजून तसंच मातीत पडलं आहे. मुंग्या नेत आहेत. आईचं बरं आहे. विहिरीत उतरून गाळ काढला, ओल लागली नाही. तुमच्या तिकडं ढग दिसतात का, ते कळवावं.

वाचून झालं तेव्हा खाला बरणीचा दादरा धरून तशाच उभ्या होत्या. "तुमच्या तिकडं ढग दिसतात का," त्या स्वतःशी म्हणाल्या. मी पत्र घडी करून पोलक्यात ठेवलं. त्या दुपारी मी स्वतःला बजावलं की आता पाऊस मागायचा. माझ्या बापानं मला त्या चार एकरांवर शिकवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला काळी कड दिसली आणि माझं मन पहिल्यांदा बरण्यांकडंच धावलं. बोलले कुणाशीच नाही. 

पुनर्वसू नक्षत्र संपत आलं होतं. तेहतिसावी रेघ सकाळी ओढली होती. चारच्या सुमारास वारा पडला, गल्लीतला धूर सरळ वर जायला लागला, आणि मग पत्र्यावर पहिला दगड पडल्यासारखा आवाज झाला. माणसं हंडे, परात, बादल्या, मिळेल ते घेऊन बाहेर धावली. मी भिंत ओलांडून पळाले. एकेक बरणी उराशी धरून ओसरीत आत ओढली, पदरानं तोंडं झाकली. चौथी आत आणली तेव्हा मी स्वतः चिंब होते. खाला ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. हात पुढं पसरलेले, तळवे वर, चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. त्या झाडासाठी रडत आहेत असं मला वाटलं. त्यांच्याजवळ जायचं धाडस झालं नाही. मी बरण्यांपाशी बसून राहिले.

पाऊस पाच दिवस राहिला. सहाव्या दिवशी मोजणीची माणसं दोरी घेऊन आली. राबिया आणि तिचा नवरा उदगीरहून खालांना न्यायला आले. पेटी, गादी, दोन पातेली, कोंबड्यांचा खुराडा टेम्पोत चढला. बरण्या चढवता येत नव्हत्या. उदगीरपर्यंत खड्ड्यांतून हिंदकळल्या असत्या तर वरची साय मोडून सगळं पाण्यावाणी झालं असतं.

हे त्या दिवशी ऑफिसला गेले नाहीत. बाह्या दुमडून भिंतीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "खाला, एकेक माझ्या हातात द्या." चारी बरण्या त्यांनी भिंतीवरून आमच्या बाजूला आणल्या. दोन्ही हात खाली, छातीला टेकवून, पायाखालची चिखलाची जमीन चाचपत. चौथी ठेवल्यावर ते खालांसमोर येऊन उभे राहिले. "यादी मी टाइप केली होती," ते म्हणाले. "मीच शीलाला बोलू दिलं न्हाई."

खालांनी त्यांच्या दंडाला हात लावला. "तुमी न्हाई तर दुसऱ्यानं केली असती, बाबा. बरण्या उन्हात ठिवा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सात उन्हं बाकी हाईत. ढग असंल तो दिस धरू नगं."

झाड तोडायला दोन दिवस लागले. मी दार लावून घेतलं. तरी कुऱ्हाडीचा आवाज भिंतीतून यायचा, आणि ओल्या जांभळीच्या लाकडाचा तुरट वास खोलीभर पसरला होता. फांदी पडली की पानांचा मोठा सुस्कारा यायचा. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर माझ्या खोलीत कधी नव्हता तेवढा उजेड आला होता.

सात उन्हं मिळवायला मला पाच आठवडे लागले. श्रावणात ऊन असं तुकड्यातुकड्यांनी येतं. सकाळी उघडलं की बरण्या बाहेर, ढग आला की आत. तेवढ्यात बाबांचं दुसरं पत्र आलं. पहिलं बी गेलं होतं. दुबार लावलं, ते उगवलं, आता हिरवं दिसतंय. मी ते एकटीनं वाचलं. आनंद झाला, आणि त्याच्या खाली काहीतरी टोचत राहिलं.

शेवटची रेघ आमच्या दाराच्या चौकटीवर ओढली आणि दुसऱ्या सकाळी सिरका गाळला. दुहेरी मलमलीतून, लाकडी पाट तिरका करून, थेंब थेंब. माणकाच्या रंगाची धार होती. एक बरणी बिघडली होती; तिच्यावर पांढरी बुरशी आली होती, ती तशीच ओतून दिली. तीन बरण्यांचा सिरका बाटल्यांत भरला आणि बियांचा चोथा वाळत घातला. दोन बाटल्या घेऊन मी एस.टी.नं उदगीरला निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. बुचाला कापड बांधलं होतं तरी गाडीत वास सुटला. शेजारची म्हातारी म्हणाली, "लोणचं हाय का गं?" मी हो म्हटलं.

राबियाचं घर किल्ल्याच्या बाजूला होतं. खाला अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मी आवाज द्यायच्या आधीच म्हणाल्या, "आला का?" मी बाटली उघडून दिली. त्यांनी मनगटावर एक थेंब घेतला, आधी नाकाशी नेला, मग जिभेवर. 

"एक बरणी गेली," मी म्हटलं.

"दरसाल एक जातीच." त्यांनी दुसरा थेंब घेतला. "हा चांगला हाय. माज्यापेक्षा जरा कडक."

राबिया आत भाकरी करत होती. खाला कांदा चिरायला बसल्या. मला आणखी गप्प राहवेना.

"खाला, मी तेव्हा रोज म्हणत होते की पाऊस पडू नये. चाळीस उन्हं होईस्तोवर पडू नये. बाबांचं पत्र आलं, तरीबी म्हणत होते."

त्यांचा हात थांबला नाही. कांद्याच्या गोल चकत्या ताटात पडत राहिल्या.

"ठाव हाय मला. ढग आला की तू बोलायची बंद व्हायचीस."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं? तू माज्यासाटी म्हनत व्हतीस." त्यांनी चाकू खाली ठेवला आणि डोळे पदराला पुसले, कांदा तिखट होता. "मी मातर मागत व्हते गं पाऊस. पाची वक्ताला मागत व्हते. टँकरच्या मागं पळताना आपल्या गल्लीतल्या मोमीनांच्या पोरीचा हात मोडला. तुज्या बापाचं पत्र तूच वाचून दावलं. मग आल्लाकडं काय मागू, माज्या बरण्या ऱ्हाऊ दे म्हनून?"

मला त्यांचे ओसरीवर पसरलेले हात आठवले. त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी जमिनीकडं बघत राहिले.  

खालांनी ताट माझ्याकडं सरकवलं. कांद्यावर सिरक्याची धार सोडली, बोटानं चकत्या खालीवर केल्या. "राबिया, भाकरी आण. हिची चारची गाडी हाय."

आषाढापासून माझं जेवण तुटलं होतं. हे विचारायचे, मी हवेवर ढकलायचे. राबियानं गरम भाकरी टाकली, खाला समोर बसून राहिल्या, आणि त्या दुपारी उदगीरला मी तीन भाकरी खाल्ल्या.